कार्बोरेटर उतरवण्याआधी फिल्टर बॉक्स उघडा

बुलढाणा जिल्ह्यात शेगावहून संग्रामपूरकडे निघालं की वाटेत वरवट बकाल लागतं. आजूबाजूच्या खेड्यांची ही बाजारपेठ. बी-बियाणं, खत, फवारणीचं औषध, बँकेचं काम, दवाखाना, सगळ्यासाठी माणसं इथे येतात आणि बहुतेक जण मोटारसायकलवर येतात. त्यातल्या पुष्कळ गाड्या कैक वर्षं उन्हातान्हात राबलेल्या. हिरो होंडाच्या स्प्लेंडर आणि पॅशन, बजाजच्या बॉक्सर, सीटी हंड्रेड, प्लॅटिना. मध्येच एखाद्या हौशी माणसाने जपलेली आरएक्स हंड्रेड. मागे दुधाची कॅन नाहीतर युरियाची गोणी, पुढे टाकीवर बसलेलं पोरगं, आणि रस्ता निम्मा डांबरी, निम्मा शेतशिवारातला.

या गाड्यांना कार्बोरेटर आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पण नियम बदलला म्हणून शेतकऱ्याच्या अंगणातली गाडी बदलत नाही. ती चालते तोवर तिचा कार्बोरेटर सांभाळावा लागणार आणि अधूनमधून खोलावाही लागणार. दुःख याचं वाटतं की तो गरज नसतानाही खोलला जातो. गाडी चोक मागते, पिकअप देत नाही, अ‍ॅव्हरेज पडलं, कोणतीही तक्रार घेऊन जा, उत्तर एकच येतं: "कार्बोरेटर खोला लागते भाऊ." थोड्या वेळात तो उतरतो, जेटमध्ये तार जाते, हवा मारली जाते, दोन स्क्रू इकडेतिकडे फिरतात. त्याच्यामागे असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्याकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बॉक्सकडे, कुणी पाहत नाही. हा डबा आणि कार्बोरेटर मिळून एकच यंत्र आहे, असं मानून काम केलं तर निम्म्या कटकटी कार्बोरेटरला हात न लावताच सुटतात.

असं का, ते हवेच्या हिशेबातून कळतं. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणजे सुमारे ११ किलो. एवढी हवा म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि हाच आकडा १०,००० लिटरच्या घरात जातो. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी ६० किलोमीटरच्या प्रवासात एवढी हवा ओढते. ती सगळी एका छोट्या तोंडातून आत शिरते, फिल्टरमधून गाळली जाते, रबरी होजमधून कार्बोरेटरच्या घशात जाते आणि तिथून इंजिनात. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये पंपाने ढकललं जात नाही. जाणारी हवाच ते ओढून घेते. त्यामुळे हवेच्या वाटेत फिल्टर तुंबला, होज फाटला किंवा एखादी क्लिप सैल झाली, की पेट्रोलचं माप आपोआप बिघडतं. जेट अगदी निर्मळ असला तरी बिघडतं.

पेट्रोल ओढलं जातं ते कसं? कार्बोरेटरचा घसा मधोमध अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी यांनी १७९७ मध्ये हा प्रवाहाचा गुण मांडला. त्या अरुंद भागाला त्यांचंच नाव आहे. घशाच्या खाली पेट्रोलची छोटी वाटी लटकलेली असते. तिच्यात फ्लोट तरंगतो आणि पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं काम करतो: पेट्रोल पुरेसं भरलं की टोकदार नीडल वर दाबून वाट बंद, पातळी उतरली की वाट उघडी. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, घशात तो कमी असतो. या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. सुरुवातीच्या मोटारींत ही सोय नव्हती. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिची वाफ उचलायची, एवढाच उपाय होता. १८९३ साली हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवारा उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनीही तसाच कार्बोरेटर बनवला. तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांच्या कार्बोरेटरवर 'केईहिन' हे जपानी नाव कोरलेलं दिसतं, पण त्यातले पुष्कळसे पुण्याजवळच्या चाकणला बनलेत. इचलकरंजीच्या फाय उद्योगसमूहाने केईहिनबरोबर भागीदारीत तिथे कारखाना काढला होता. गाडी बुलढाणा जिल्ह्यात राबते आणि तिचा श्वास जुळवणारा भाग चाकणचा, ही गोष्ट मला आवडते.

आता वरवट बकालच्या मातीकडे येऊ, कारण इथल्या गाड्यांचे आजार इथल्या मातीतून आणि पिकांतून येतात. काळी कसदार जमीन पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिचाच फुफाटा होतो. इतका बारीक, की पुढे गेलेल्या ट्रॅक्टरमागे तो हवेत तरंगत राहतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हडंब्याजवळ, म्हणजे मळणीयंत्राजवळ, गाडी उभी केली की कुटाराचं भुसकट सीटखाली जाऊन बसतं. कापूस वेचणीच्या हंगामात तंतू उडतात, ते फिल्टर बॉक्सच्या तोंडाला आधी चिकटतात, मग त्यांच्यावर धूळ बसते आणि तिथे चटई तयार होते. हंगाम संपून गाडी गोठ्यात महिनाभर उभी राहिली की उंदीर त्याच डब्यात कापूस आणि कागदाचे कपटे आणून घर करतात. खाली पाणी निघून जायला बारीक नळी असते, तिच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. बॉक्स उघडला की यातलं काही ना काही सापडतंच.

संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरी-बोअरचं पाणी खारं. त्याच पाण्याने गाडी धुतली की मिठाचा अंश बोल्टांच्या फटीत राहतो. कार्बोरेटरच्या ओतीव धातूवर पांढरी भुकटी धरते आणि पोलादी स्क्रू जागेवर गंजून बसतात. वॉशिंगवाल्याने सीटखाली जोरात फवारा मारला तर तेच पाणी बॉक्सच्या तोंडातून फिल्टरवर जातं. धुण्याआधी त्या तोंडावर पिशवी बांधायची आणि सुरू करण्याआधी आठवणीने सोडायची, एवढं केलं तरी पुरे.

गाडी बिघडली की कार्बोरेटर खोलण्यापूर्वी क्रमाने चार गोष्टी पाहाव्यात. पहिली ठिणगी. प्लग काढून पाहा. टोक कोरडं आणि विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काळं आणि काजळीने माखलेलं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. दुसरी गोष्ट हवा, म्हणजे फिल्टर. तिसरी पेट्रोलची वाट. गाडी दोन-तीन किलोमीटर छान चालून बंद पडत असेल आणि थोडं थांबल्यावर पुन्हा चालत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताच गाडी चालली तर रोग तिथेच सापडला. नंतर कॉकची नळी काढून बाटलीत पेट्रोल सोडून धार बघायची. बारीक असेल तर कॉकची जाळी तुंबलेली. रिझर्व्हला लावल्यावरच गाडी त्रास द्यायला लागली असेल तर तळाचा गाळ किंवा पाणी वर आलंय, कारण रिझर्व्हची वाट टाकीच्या तळालगत असते. चौथी गोष्ट व्हॉल्व्हचं सेटिंग आणि कॉम्प्रेशन. ते गेलेलं असेल तर कार्बोरेटर कितीही वेळा धुवा, उपयोग नाही.

बॉक्स उघडणं सोपं आहे. साइड कव्हर काढलं की झाकणाचे स्क्रू दिसतात. फिल्टर बाहेर काढताना तो कोणत्या बाजूने बसला होता ते पाहून ठेवा. फिल्टर तीन प्रकारचे आणि तिन्हींचे नियम वेगळे. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं. सावलीत पूर्ण वाळल्यावर त्याला गिअर ऑइल लावून जास्तीचं तेल दाबून टाकायचं. तेलाशिवाय फोम बारीक फुफाटा अडवत नाही. कोरड्या कागदाचा असेल तर स्वच्छ बाजूकडून मळलेल्या बाजूकडे हळू हवा मारायची. उलटी मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. तिसरा तेलकट कागदाचा, हात लावला की चिकट लागणारा. त्याला हवा मारायची नाही, धुवायचा नाही, मुदत झाली की बदलायचा. गॅरेजवर तिन्हींना एकाच नळीने हवा मारली जाते, ते चुकीचं आहे. गाडीच्या पुस्तिकेत मुदत दिलेली असते, पण ती शहरी रस्त्यासाठी समजा. फुफाट्यात चालणाऱ्या गाडीला ती निम्म्यावर आणावी.

फिल्टर तेलाने निथळत असेल तर वेगळा संशय घ्यायचा. इंजिनाच्या आतली वाफ एका नळीने याच बॉक्समध्ये सोडलेली असते. इंजिनात ऑइल जास्त भरलं किंवा रिंगा झिजल्या की ते तेल इथे येतं. म्हणजे हा डबा इंजिनाची प्रकृतीही सांगतो. तळाच्या नळीला बूच असेल तर ते काढून साचलेलं तेल-पाणी सोडून द्या. आणि फिल्टर काढल्यावर आतल्या स्वच्छ बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा फाटलाय. ती धूळ पुढे सिलिंडरमध्ये जाणार. मातीतले गारगोटीचे कण बिडाच्या सिलिंडरपेक्षाही कठीण असतात. ते रिंगा घासतात, आणि मग गाडी निळा धूर सोडते.

इतकं करून फिल्टर घालून गाडी सुरू करा. बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात. नाही सुधारली, तर मग कार्बोरेटर.

काम उघड्या जागेत, इंजिन थंड असताना करायचं. जवळपास बिडी, चूल, वेल्डिंग काहीही नको. कॉक बंद करून पेट्रोलची नळी काढा, वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. बरणी उजेडात धरून थोडा वेळ स्थिर ठेवली की बरंच कळतं. तळाला पाण्याचा वेगळा थेंब दिसेल, लालसर गंज दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. पाणी आणि गंज असेल तर दुखणं टाकीत आहे; टाकी न धुता कार्बोरेटर धुतला तर आठवड्यात पुन्हा तेच. त्यानंतर खोलण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. कोणती नळी कुठून गेली, केबल कुठून वळली, हे बसवताना कुणालाही आठवत नाही.

जुन्या गाडीत खरी झटापट होते ती रबराशी. कार्बोरेटर पुढून इंजिनाच्या मॅनिफोल्डला आणि मागून फिल्टर बॉक्सच्या होजला अडकलेला असतो. पुढचे दोन नट बहुधा दहाच्या पान्याने निघतात. मागची क्लिप सैल केली तरी वर्षानुवर्षं तापलेला होज कडक होऊन बसलेला असतो आणि कार्बोरेटर मागे सरकायला जागाच नसते. इथे पेचकस घालून उपटायचा मोह आवरावा. होज फाटला तर फिल्टरला वळसा घालून धुळीची वाट कायमची उघडते. त्यापेक्षा बॉक्सचे बोल्ट सैल करा. तो दीड-दोन सेंटिमीटर मागे सरकला तरी कार्बोरेटर सहज सुटतो. त्याने भागलं नाही तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं होजवर गुंडाळा. रबर मऊ पडतं. तरीही होजला चिरा दिसल्या तर नवाच आणावा, आणि तो काम काढण्याआधीच मागवून ठेवलेला बरा.

वरची टोपी फिरवून काढली की केबलला लटकलेला पिस्टन आणि त्याच्या पोटातली लांब सुई बाहेर येते. हा साध्या कार्बोरेटरचा प्रकार. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत हाच. पल्सरच्या काही मॉडेलांत पिस्टनला पातळ रबरी पडदा असतो आणि तो हवेच्या दाबाने वर उचलला जातो. त्या कार्बोरेटरला पडदा काढल्याशिवाय हवा मारायची नाही आणि क्लीनरचा फवाराही मारायचा नाही. पडदा फाटला की भाग महाग पडतो. पिस्टन बाहेर आला की उजेडात बघा. त्याच्या अंगावर उभ्या रेषा ओरखडलेल्या दिसल्या तर फिल्टरने धूळ सोडली, हे तिथे लिहिलेलंच आहे.

वाटीचे स्क्रू सोडताना पेचकस त्या खाचेत घट्ट बसणारा घ्यावा, नाहीतर मऊ स्क्रूचं तोंड लगेच झिजतं. वाटी उघडली की जुन्या पेट्रोलचा आंबूस, वार्निशसारखा वास येतो. भिंतीवर तपकिरी थर, तळाला वाळूचे चार कण, जॉइंटच्या खाचेत हिरवट डाग. फ्लोटला धरून ठेवणारी बारीक पिन एका बाजूने दाबली की सरकते. अडली तर हातोडी नको, तिचे खांब ठिसूळ असतात आणि तुटले तर कार्बोरेटरच गेला. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. नीडलच्या टोकावर, कोनाच्या मधोमध, गोल खाच पडलेली नखाला जाणवते का बघा. त्या खाचेमुळेच गाडी उभी असताना नळीतून पेट्रोल टपकतं. ओव्हरफ्लो झालेली गाडी लगेच किक मारून सुरू करू नये. आधी ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, कारण पातळ झालेलं तेल बेअरिंग सांभाळत नाही.

जेटबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि जेट पितळेचा. समजा भोक ०.३८ मिलिमीटर आहे आणि त्यात क्लच केबलची पोलादी तार खालीवर केल्याने ते ०.४२ झालं. डोळ्याला फरक दिसणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ २२ टक्क्यांनी वाढलं. मग अ‍ॅव्हरेज जातं आणि कोणत्याही ट्युनिंगने परत येत नाही. जेट सोडवून कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, उजेडाकडे धरून गोल भोक पूर्ण दिसतंय याची खात्री करा. फारच अडलं तर नायलॉनचा मासेमारीचा दोरा चालतो. तरीही उघडत नसेल तर नवा जेट आणा; इंजिनातल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी तो एक आहे. जेटइतकंच महत्त्व ज्यात तो बसतो त्या वाहिन्यांना. प्रत्येक छिद्रातून फवारा मारला की तो दुसऱ्या कुठून तरी बाहेर पडलाच पाहिजे; कुठून पडतो ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, कारण फवारा हमखास तोंडावर येतो.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे बाहेर. हा स्क्रू बॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणून बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण घटतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि बाहेर काढला की ते वाढतं. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी गाड्या उलट्या दिशेने ट्यून होतात.

बसवताना पिस्टनची तिरकी कापलेली कड फिल्टर बॉक्सकडे आली पाहिजे आणि बाजूची खाच पिनवर बसली पाहिजे. उलटा घातला तर गाडी सुरू होताच रेसवर चढते आणि कमी होत नाही. टोपी लावल्यावर, किक मारण्याआधी, थ्रॉटल पूर्ण फिरवून सोडा; पिस्टन खट् करून खाली आपटल्याचा आवाज यायला हवा. हँडल दोन्हीकडे वळवूनही हे करून बघा. मॅनिफोल्डचा रबरी ओ-रिंग चपटा झाला असेल तर नवाच टाका आणि दोन्ही नट आलटूनपालटून सारखे आवळा. एकच आधी घट्ट केला तर फ्लँज वाकतो.

एवढ्यानंतरही त्रास राहिला तर कोणत्या थ्रॉटलला राहतो ते पाहायचं. मुठीवर पट्टी चिकटवून चार खुणा करा. अगदी सुरुवातीच्या आठव्या भागापर्यंत स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू काम करतात, पावपर्यंत पिस्टनची कापलेली कड, पावपासून पाऊणपर्यंत सुई, आणि त्यापुढे मेन जेट. गाडी फक्त चोक ओढूनच चालते आणि चोक सोडताच मरते, तर स्लो जेट बंद आहे किंवा मॅनिफोल्डमधून हवा शिरतेय. रेस सोडल्यावरही आवाज उशिरा उतरतो, तर हवेची गळती बघा: इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी शिंपडा, आवाज बदलला की गळती सापडली. यासाठी पेट्रोल शिंपडणारेही पाहिलेत. गरम इंजिनावर ते जिवावर बेतू शकतं.

राजदूत थ्री-फिफ्टीसारख्या दोन सिलिंडरच्या गाड्या आता शौकिनांकडेच उरल्या. राजदूतला दोन कार्बोरेटर. दोन्ही पिस्टन एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा ओझं होतो. वरवट बकालच्या वाटेवर ती दिसली तर थांबून बघण्यासारखी, पण रोजच्या कामाची नाही.

इथेनॉलबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण तो आता प्रत्येकाच्या टाकीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल सहन करतील असे द्यायचे, असं धोरण ठरलं. त्याआधीच्या जुन्या गाड्यांचे रबर आणि धातू तो विचार करून बनवलेले नव्हते. इथेनॉलला जळायला वजनाच्या ९ पट हवाच पुरते, पेट्रोलला १४.७ पट. म्हणून जुन्या जेटमधून येणारं मिश्रण थोडं कमी पेट्रोलचं ठरतं आणि गाडी सकाळी जास्त वेळ चोक मागू शकते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो. एका मर्यादेपलीकडे तो पाण्यासह तळाला वेगळा बसतो आणि तिथे गंज धरतो. त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. पेट्रोलची नळी फुगलेली किंवा चिकट लागली तर बदला.

काही ठिकाणी गाडी हलकी ओढावी म्हणून फिल्टर काढून टाकतात, नाहीतर बॉक्सच फेकून उघड्या कार्बोरेटरवर गाडी चालवतात. आवाज वाढतो आणि जोर आल्यासारखं वाटतं. पण जेटची मापं त्या बॉक्सच्या ओढीवर ठरवलेली असतात. बॉक्स गेला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं, आणि फुफाटा थेट सिलिंडरमध्ये जातो. आपल्या भागात असं इंजिन फार दिवस टिकत नाही. तेव्हा काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना साइड कव्हर उघडायला सांगा. फिल्टर आत आहे का, होजची क्लिप आवळली आहे का, बॉक्सचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का, हे स्वतः बघा, आणि मगच मिस्त्रीचे पैसे द्या.